पंखातली फट: घार, शिक्रा, ससाण्यांची पीसगळ कशी ओळखायची आणि कशी सांभाळायची

उन्हाळा तापला की पावसाळा सरेपर्यंत नागपूरच्या आभाळातल्या घारी जरा निरखून बघा. कुणाच्या पंखात मधेच फट, कुणाची शेपटी एका बाजूनं तोकडी, कुणी एकदम फाटक्या अंगरख्यात फिरल्यासारखी. जखमी समजून फोन फिरवण्याआधी एकच गोष्ट तपासा. फट डाव्या पंखात जिथं आहे, साधारण तिथंच ती उजव्या पंखातही आहे का? असेल, आणि पक्षी घिरट्या घालत उंची घेत असेल, तर त्याला काहीही झालेलं नाही. तो पिसं बदलतोय.

पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं. नख किंवा केस जसे केराटिन या प्रथिनाचे, तसंच पीसही. वाढ संपली की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. मग ऊन, धूळ, बाभळीचे काटे, सावजाची झटापट यांनी जी झीज होते ती भरून निघत नाही. कातडीतल्या खोबणीत नवं पीस तयार होऊ लागतं आणि तेच जुन्याला खालून ढकलून पाडतं. म्हणूनच मधून तुटलेलं पीस पुन्हा वाढत नाही. त्याचा बुंधा खोबणीत घट्ट बसलेला असतो आणि पुढच्या पीसगळीपर्यंत तो तिथंच राहतो. मुळासकट निघालेलं पीस मात्र लगेच उगवायला लागतं. हे वाचून कुणाला तुटके बुंधे उपटावेसे वाटतील. अजिबात उपटू नका. खोबणी फाटली तर पुढचं पीस वाकडं येतं किंवा कधीच येत नाही.

बदकं उड्डाणाची सगळी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे न उडता पाण्याच्या आडोशाला काढतात. शिकारी पक्ष्याला ते परवडणारं नाही. दोन दिवस उडता आलं नाही तर पोट भरणार कसं? म्हणून इथं काम जुन्या घराची कवेलू फेरल्यासारखं चालतं: सगळं छप्पर उघडं न पाडता एक काढायचं, एक बसवायचं, मग शेजारचं. दोन्ही पंखांत तेच पीस थोड्या दिवसांच्या अंतरानं गळतं, म्हणजे तोल राहतो.

पिसं मोजायची कशी

पंखाच्या टोकाकडची, मनगटापलीकडची मोठी पिसं म्हणजे प्रायमरी. घार, शिक्रा, गरुड, ससाणा, सगळ्यांत ती कामाची १० असतात. आकडे आतून बाहेर जातात: मनगटाजवळचं पी-१, पंखाची पुढची कड सांभाळणारं शेवटचं पी-१०. उडत्या पक्ष्यावर मात्र उलटं मोजणं सोपं पडतं, कारण बाहेरची बोटांसारखी सुटी दिसतात. मनगटापासून अंगापर्यंतची सेकंडरी. त्यांची संख्या पंखाच्या लांबीप्रमाणे बदलते, गिधाडात ती विसाच्या पुढे जाते. बहुतेकांच्या शेपटीत १२ पिसं, म्हणजे सहा जोड्या. मधली जोडी टी-१, सगळ्यात बाहेरची टी-६.

पीस गळण्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो कुळागणिक वेगळा असतो. घार, शिक्रा, तीसा, भोवत्या, गरुड या मंडळींत पी-१ आधी पडतं आणि गळती बाहेरच्या दिशेनं सरकत पी-१० वर संपते. ससाण्यांच्या कुळात, म्हणजे बहिरी, तुरुमती, खरुची, सुरुवात मधून होते: पी-४ किंवा पी-५ पासून, आणि मग दोन्ही दिशांना. म्हणून बहिरीच्या पंखात पहिली फट मधोमध दिसते आणि पी-१ बरंच उशिरा बदलतं. गव्हाणी घुबडाचं गणित आणखी निराळं, तिथं सुरुवात सहाव्या पिसापासून होते आणि सगळा संच बदलायला वर्षं लागतात. शेपटी बहुतेकांत मधल्या जोडीपासून सुरू होते. त्यानंतरचा क्रम पक्ष्यागणिक थोडा हलतो, त्यामुळे शेपटीवरून फार ठाम बोलू नये.

वेगाचा अंदाज घ्यायचा तर उड्डाणाचं पीस दिवसाला साधारण ४ ते ७ मिलिमीटर वाढतं. शिक्र्याचं १५ सेंटिमीटरचं पीस महिनाभरात तयार होतं, घारीच्या बाहेरच्या लांब पिसाला दोन महिने लागू शकतात. सगळा पंख बदलायला म्हणून मध्यम आकाराच्या पक्ष्यालाही चार ते सहा महिने लागतात. मोठा गरुड किंवा गिधाड एका हंगामात दहाही प्रायमरी बदलू शकतच नाही. मग पहिली लाट पी-६, पी-७ पर्यंत पोचून थांबते. पुढच्या हंगामात ती तिथून पुढे निघते आणि त्याच वेळी पी-१ पासून दुसरी लाट सुरू होते. एकाच पंखात दोन-तीन वयांची पिसं अशी पायऱ्यापायऱ्यांनी दिसली, तर पक्षी निदान तिसऱ्या वर्षात आहे असं धरायला हरकत नाही.

नागपूरचं वेळापत्रक

घार हिवाळ्यात घरटं बांधायला घेते आणि उन्हाळ्यात पिलं उडतात. शिक्र्याची वीण मार्चपासून जूनपर्यंत. पीसगळीचा मुख्य हंगाम विणीच्या शेवटाला चिकटून येतो. पण नर आणि मादी एकाच वेळी सुरू करत नाहीत. अंड्यांवर बसलेल्या मादीला नर खाऊ आणून देतो, तिला फारसं उडायचं नसतं, म्हणून ती बसल्या जागी पहिली पिसं टाकून घेते. नराला सगळ्यांचं पोट भरायचं असतं, त्याची सुरुवात उशिरा होते. मेमध्ये एकाच घरट्यावरच्या जोडीत एकाचा पंख फाटका आणि दुसऱ्याचा धड दिसला, तर फाटका पंख बहुधा मादीचा. पिलांची भूक वाढली की काही पक्षी गळती मधेच थांबवतात आणि नंतर पुढे सुरू करतात.

कापशी या वेळापत्रकात बसत नाही. ती वर्षात केव्हाही वीण घेते, त्यामुळे तिच्या पंखात कधीही नवं-जुनं मिश्रण दिसू शकतं. हिवाळ्यात माळरानावर उतरणारे भोवत्ये बहुतांशी गळती उरकून येतात; एखाद्याची बाहेरची एक-दोन पिसं जुनी राहिलेली असतात. उलट अमूर ससाणा इथून नोव्हेंबरच्या सुमारास नुसता जातो आणि पंखांची पिसं आफ्रिकेत पोचल्यावर बदलतो.

फोटोवरून वाचन

दुर्बिणीनं फट दिसते, वय दिसत नाही. त्यासाठी फोटोच लागतो. घारींवर सराव करावा: भांडेवाडीच्या कचरा डेपोवर, फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर त्या भरपूर आणि खाली असतात.

१. शटर १/२००० किंवा वेगवान ठेवा. पंख पूर्ण पसरलेला क्षण हवा असतो, फडफडताना पिसं एकमेकांवर सरकतात आणि नसलेली फट दिसते.

२. आभाळाच्या पार्श्वभूमीवर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर पंखाची खालची बाजू काळी ठिक्कर येते.

३. एकाच पक्ष्याचे निदान सहा-सात फोटो घ्या, त्यात वळण घेतानाचा, पंखाची वरची बाजू दाखवणारा एक तरी असू द्या. पिसाचं वय वरच्या बाजूनं कळतं: नवं पीस गडद, कडा सलग आणि रुंद, जुनं उन्हानं फिकट तपकिरी, टोक झिजून फाटलेलं. काळा रंग देणारं मेलॅनिन पिसाला मजबूतही करतं, त्यामुळे फिकट भाग आधी झिजतो.

४. पी-१० पासून आत मोजत जा आणि प्रत्येक पिसाला गुण द्या. जुनं: ०. गळलेलं किंवा नुसता कोंब: १. तिसऱ्या हिश्शाहून कमी वाढलेलं: २. दोन-तृतीयांशापर्यंत: ३. जवळजवळ पूर्ण: ४. पूर्ण नवं: ५. एका पंखाच्या दहा पिसांचे कमाल ५० गुण होतात.

समजा एका घारीची पी-१ ते पी-४ नवी आहेत (२०), पी-५ जवळजवळ पूर्ण (४), पी-६ अर्धं (३), पी-७ गायब (१) आणि बाहेरची तीन जुनी (०). एकूण २८. पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं त्याच भागातल्या घारींचे असे आकडे लिहीत गेलात, तर तुमच्या परिसराचं स्वतःचं वेळापत्रक हाती येतं. दोन्ही पंखांचे गुण वेगवेगळे लिहा. दोन-तीन गुणांचा फरक चालतो. दहाचा फरक आला तर फोटो पुन्हा बघा, तो पक्षी कदाचित खरंच जखमी आहे.

यावर्षीचं पिलू ओळखणं तर आणखी सोपं. घरट्यात त्याची सगळी पिसं एकदम वाढलेली असतात, त्यामुळे ती एकाच वयाची, एकसारखी झिजलेली आणि पंखाची मागची कड करवतीच्या दात्यांऐवजी सरळ रेषेत दिसते. पिलावस्थेतली पिसं थोडी अरुंद आणि टोकदारही असतात. घारीच्या पिलाच्या अंगावर फिकट ठिपके-रेघा असतात, त्याही मदतीला येतात. पंखांची पहिली मोठी गळती त्याला साधारण वर्षाचा झाल्यावर येते.

इथे हमखास फसगत होते

शिक्र्याच्या पंखाला पाच बोटं दिसतात, युरेशियन स्पॅरोहॉकला सहा. ओळखीची ही खूण उत्तम, पण पीसगळीत ती दगा देते. स्पॅरोहॉकचं एक बाहेरचं पीस अर्धं वाढलेलं असलं की बोटं पाचच भरतात. म्हणून आधी फट बघायची, मगच बोटं मोजायची.

घारीची खाचेची शेपटी ही दुसरी. टी-६ ची जोडी पडली की खाच नाहीशी होते आणि शेपटी गोल दिसते. मग कुणी तिला भोवत्या म्हणतो, कुणी छोटा गरुड. उलट टी-१ ची जोडी पडली की खाच एवढी खोल दिसते की नागपुरात ‘लाल घार’ दिसल्याची बातमी पसरते. लाल घार युरोपची. एकाच फोटोवरून दुर्मीळ नोंद जाहीर करण्याची घाई आम्हाला पटत नाही, आणि मे ते सप्टेंबरमध्ये तर मुळीच नाही.

पीसगळ की इजा

पतंगाच्या नायलॉन मांज्यानं पिसं कापली असतील तर एकाच पंखातली शेजारशेजारची तीन-चार पिसं जवळपास एका रेषेत तुटलेली असतात आणि बुंधे दिसत राहतात. पीसगळीत बुंधा नसतो, तिथं मोकळी जागा असते किंवा म्यानात गुंडाळलेला कोंब. संक्रांतीच्या आगेमागे मिळालेल्या पक्ष्यात पंखाच्या पुढच्या कडेची कातडी मुद्दाम फुंकर मारून, पिसं बाजूला सारून बघावी; मांज्याचा काप बारीक असतो आणि वरून दिसत नाही. विजेचा धक्का किंवा आग लागली असेल तर टोकं वळलेली, करपलेली आणि जळक्या वासाची असतात. अंगावर गोल टक्कल पडलं असेल, पिसं कुरतडल्यासारखी असतील, तर उवा किंवा कातडीचा रोग, ते पशुवैद्यानं बघायचं.

वाढतं पीस मात्र वेगळं समजून घ्या. म्यानातली कोवळी दांडी निळसर-काळपट दिसते, कारण तिच्यात रक्त खेळत असतं. ती मोडली तर भळभळा रक्त वाहतं. पक्षी टॉवेलात गुंडाळून डोकं झाका, स्वच्छ कापूस लावून चार-पाच मिनिटं न उचलता दाबा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. दांडी उपटून रक्त थांबवण्याचा निर्णय फक्त पशुवैद्याचा. म्यानाच्या पापुद्र्या नखानं सोलू नका, पक्षी चोचीनं स्वतः काढतो.

पक्षी जमिनीवर बसलेला असेल आणि उडत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तोवर हवेशीर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवा. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कोंबलात तर तासाभरात धड शेपटीही तुटेल. चोचीत पाणी ओतायचं नाही. घरी पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. पुढचं सगळं परवानगी असलेल्या केंद्रातल्या आणि पशुवैद्याच्या हाताखाली काम करणाऱ्या लोकांसाठी.

केंद्रात पीसगळ सांभाळणं

पीस वाढत असताना खाण्यात खंड पडला किंवा पक्षी फार घाबरला, की त्या दिवशी तयार झालेला भाग कमजोर राहतो. पिसावर आडवी, पारदर्शक, पातळ रेघ उमटते. उजेडासमोर धरलं की ती स्पष्ट दिसते, आणि पुढे पीस नेमकं तिथंच तुटतं. पिलाच्या शेपटीत ही रेघ सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर असते, कारण सगळी एकदम वाढत होती. प्रौढात ती पिसागणिक वेगळ्या उंचीवर येते. नव्यानं आलेल्या पक्ष्याची शेपटी पसरून बघितली की त्याचा मागचा काळ कसा गेला हे बरंचसं समजतं.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, त्यातही गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात. म्हणून या काळात खाणं वाढवायचं. घारीएवढ्या पक्ष्याला रोज वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ७०० ग्रॅमच्या घारीला ७० ते १०० ग्रॅम. शिक्र्यासारख्या लहान पक्ष्याला २० ते २५ टक्के. हे अन्न अख्खं असावं: उंदीर, कोंबडीची पिल्लं, हाडासकट, केसांसकट. नुसतं बोनलेस चिकन दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. दुकानातून फुकट मिळणारी कातडी-चरबी म्हणजे पोट भरलं, पीस उपाशी. कबुतराचं ताजं मांस टाळा, त्यातून घशात ट्रायकोमोनास हा परजीवी येतो. विषानं मेलेले उंदीर तर नकोतच, कुठून आले हे माहीत नसेल तरी नको. वजन रोज सकाळी, खाऊ घालण्याआधी, त्याच काट्यावर.

पिंजऱ्याच्या भिंतींना जाळी नको. उभे बांबू किंवा पीव्हीसी पाईप, मधलं अंतर डोकं अडकणार नाही इतकं. बसण्याची काठी अशा उंचीवर की शेपटी जमिनीला आणि भिंतीला लागणार नाही. नागपूरचा मे विसरू नका: दक्षिण आणि पश्चिमेकडून हिरवी शेडनेट, पक्ष्याच्या पोटरीएवढं पाणी असलेलं पसरट घमेलं अंघोळीला, पाणी रोज बदलून. कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नये. रात्रभर दिवा चालू ठेवायचा नाही, कारण दिवसाची लांबी पीसगळीचं घड्याळ चालवते. आणि गळती सुरू असताना जागा बदलणं, उगाच हाताळणं बंद.

शेपटी वाचवायला जुन्या एक्स-रे फिल्मचं पाकीट करतात. शेपटीहून सेंटिमीटरभर लांब, कडा कागदी टेपनं बंद, वरच्या झाकपिसांना हलकेच चिकटवलेलं. दोन-तीन दिवसांनी उघडून विष्ठा पुसा. शेपटीची पिसं नुकतीच उगवत असतील तर पाकीट लावू नका, कोवळ्या दांड्या त्यात मोडतात.

मांज्यानं पाच-सहा प्रायमरी गेलेली घार तशीच ठेवली तर पुढच्या हंगामापर्यंत, कधी वर्षभर, अडकून पडते. तिथं पीस जोडणी करतात. मेलेल्या घारीची जपून ठेवलेली पिसं वापरायची, आणि जुळणी काटेकोर: तीच जात, तीच बाजू, तोच क्रमांक, शक्यतो तेच वय. उजवं पी-७ डाव्या पंखात बसत नाही, कारण पात्याची वक्रता उलटी असते. पक्ष्याला भूल दिल्यावर तुटका बुंधा कातडीबाहेर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून सरळ कापतात. साध्या कात्रीनं दांडी उभी चिरते, म्हणून बारीक करवत किंवा धारदार नेलकटर. मेलेल्या घारीचं पीस शेजारच्या धड पिसाशी मापून तेवढ्याच लांबीला कापायचं. जोडायला बांबूची तासलेली काडी, चार-पाच सेंटिमीटर, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. काडी गोल नको, त्रिकोणी तासा, म्हणजे पीस फिरत नाही. आधी गोंदाशिवाय बसवून, पंख मिटून-उघडून बघा. मग पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी, अगदी थोडा, आणि खाली कागदाचा तुकडा सरकवून, नाहीतर शेजारची पिसं चिकटतात. इपॉक्सी जास्त झाला की सांधा जड होतो आणि दांडी त्याच्या लगतच मोडते.

वाढत्या पिसावर ही जोडणी करता येत नाही, दांडी कडक आणि पोकळ झालेली हवी. शेजारी एखादं कोवळं पीस वर येत असेल तर ते पूर्ण होईपर्यंत थांबा. नीट बसलेलं जोडपीस खऱ्यासारखं काम करतं आणि पुढच्या गळतीत बुंध्यासकट आपोआप पडतं.

बाहेर फिरताना सापडलेल्या पिसाचं काय? पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, लांबी लिहा. एका बाजूचं पातं अरुंद आणि वक्र असेल तर प्रायमरी, दोन्ही पाती सारखी असतील तर बहुधा शेपटीचं मधलं. बुंध्याचं टोक स्वच्छ असेल तर ते आपोआप गळलं. दांडी चावून तुटलेली असेल तर मांजर, कुत्रा किंवा कोल्ह्याचं काम. मग पीस तिथंच ठेवा. शिकारी पक्ष्यांची पिसं घरात बाळगणं कायद्यात बसत नाही.